खळ लावलेली रांगोळी

वच्छलाबाई गेल्याची बातमी गल्लीत कोणी सांगितली नाही. सकाळी त्यांच्या दारापुढे रांगोळी नव्हती, त्यावरून कळली.

पहिल्यांदा तर उलटंच कळलं. समोरच्या यमुताई झाडू घेऊन बाहेर आल्या, त्यांना वच्छलाबाईंच्या नवऱ्याच्या, नत्थूजींच्या, फाटकापुढची जागा कोरी दिसली, आणि त्यांना वाटलं, ही दोघं न सांगता उमरेडला लग्नाला निघून गेली. वच्छलाबाईंच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं आणि यमुताईंना सोबत न्यायचं कबूल झालं होतं. यमुताईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि ही परत आल्यावर काय काय ऐकवायचं ते तिथंच उभ्या उभ्या ठरवायला लागल्या. तेवढ्यात ऑटो आला. नत्थूजी एकटेच उतरले. हातात दवाखान्याची पिशवी होती आणि पिशवीतून वच्छलाबाईंच्या चपला दिसत होत्या.

"झालं का लग्न? मले सोडून..." यमुताई म्हणाल्या. मग त्यांनी चपला पाहिल्या आणि पुढे होऊन पिशवी आपल्या हातात घेतली.

हुडकेश्वरचं हे घर नत्थूजींनी हातमाग बंद पडल्यावर बांधलं. त्यांच्या घरात चार पिढ्या मागावर बसल्या होत्या. माग गेल्यावर ते इतवारीत एका कापडाच्या दुकानात मीटर मोजायला लागले. घरात खुर्ची त्यांची होती, कपाट मुलाचं, वैभवचं होतं, आणि सून मनीषनगरहून आली की ओटा सुनेचा व्हायचा. वच्छलाबाईंची म्हणावी अशी जागा एकच होती, फाटकापुढची चार हात जमीन. घर बांधलं तेव्हा तिथं मुरूम टाकला होता. तेव्हापासून रोज सकाळी त्या तिथं सडा टाकत, रांगोळी काढत, आणि मग स्वयंपाकघरात गेल्या तरी त्यांचा एक कान बाहेर असे. कोणाचा पाय पडला की आतून आवाज येई, "बाजूनं!" दूधवाला बाजूनं यायचा. पोस्टमन बाजूनं यायचा. नत्थूजीसुद्धा आपल्याच घरात बाजूनं शिरायचे.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी यमुताई फाटकाशी आल्या.

"भाऊ, सुतक फिटलं. दार भुंडं दिसून राहिलं."

"मग?"

"मग काय. मी काढून देत जाईन."

"नाही," नत्थूजी म्हणाले. "ती जागा तिची आहे. तिनं ठेवली तशीच राहिली पाहिजे. मीच पाहतो."

वैभवनं फोनवर सुचवलं की बाजारात रांगोळीचं स्टिकर मिळतं, एकदा चिकटवलं की वर्षभर पाहावं लागत नाही. नत्थूजींनी फोन ठेवून दिला.

रांगोळी सोपी असेल असं त्यांना वाटलं होतं. रांगोळी चिमटीतून सुटेचना, आणि सुटली तर ढेकूळ पडायचं. गोल काढता येईना. कमळ काढायला घेतलं, ते कोबीसारखं झालं. मग त्यांनी विचार केला की आपल्याला जे येतं ते काढू. त्यांना लुगड्याचा करवतकाठ येत होता. जन्मभर विणला होता. इकडे दात, तिकडे दात, मधे सरळ पट्टी. ते फाटकाच्या डाव्या टोकापासून बसले आणि काठ धरला. हात बसला तसा काठ चालू लागला. फाटक संपलं. आता काठ कुठं तोडायचा, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता, कारण मागावर काठ लुगडं संपतं तिथंच संपतो. नत्थूजी काठ रस्त्याकडे वळवून उकिडवेच मागे मागे सरकत राहिले. रस्ता ओलांडून त्यांचा काठ यमुताईंच्या पायरीला जाऊन लागला.

"भाऊ, हे माह्या दारात काय आलं?"

"काठ आहे."

"अन् पदर कुठं आहे? माह्या न्हाणीत?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काठ फाटकाच्या रुंदीएवढाच ठेवला. पण उन्हाळा लागला होता, दुपारी गरम वारा सुटायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळे दात उडून जायचे. वच्छलाबाईंची रांगोळी अशी उडायची नाही. त्या सडा टाकून जमीन ओली असतानाच काढायच्या, हे नत्थूजींनी इतकी वर्षं पाहिलं होतं, पण लक्षात ठेवलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात वेगळंच आलं. धागा टिकत नाही तेव्हा काय करतात? खळ लावतात. मागावर चढवायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावली की धागा कडक होतो, तुटत नाही. नत्थूजींनी ज्वारीचं पीठ पातळ कालवलं, गॅसवर शिजवलं, त्यात रांगोळी ओतली आणि ती खीर कुंच्यानं फाटकापुढे लावली.

रांगोळी टिकली. इतकी टिकली की दुसऱ्या दिवशी झाडूनं निघेना. त्यांनी त्याच्यावरच नवी काढली. तिसऱ्या दिवशी त्यावर तिसरी. आठवड्यानं दोन बकऱ्या आल्या आणि ती रांगोळी चाटायला लागल्या. नत्थूजींना त्याचं वाईट वाटलं नाही. काम पक्कं झाल्याचीच ती खूण आहे असं त्यांनी धरलं.

आता पाण्याचं. घरात पाणी शुद्ध करायचं मशीन होतं. ते एक ग्लास प्यायला देतं आणि त्याहून जास्त फेकून देतं. ते फेकलेलं पाणी वच्छलाबाई बादलीत धरायच्या आणि भांडी घासायच्या. नत्थूजी एकट्याची भांडी घासणार किती? बादली भरून सांडायची. म्हणून त्यांनी मशीनची नळी लांब करून खिडकीतून बाहेर काढली आणि फाटकापुढे सोडली. कूलरचं सांडपाणीही तिकडेच लावून दिलं. त्यांना वाटलं, एरवी सडा टाकायचाच आहे, हा आपोआप पडत राहील.

पाणी पडत राहिलं आणि जमीन ते पिईना. फाटकापुढे पाणी साचलं. सगळ्या गल्लीत धूळ उडत असताना नत्थूजींच्या दारात तळं झालं. चिमण्या आंघोळीला आल्या. एक बेडूक आला, तो कुठून आला ते कोणालाच कळलं नाही. आणि एका दुपारी मारोतरावांची म्हैस आली.

मारोतराव गल्लीच्या टोकाला राहत. त्यांच्याकडे एकच म्हैस होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. म्हशीनं तळ्याचा वास घेतला, चारी बाजूंनी पाहून घेतलं आणि बरोबर फाटकाला पाठ लावून बसली. फाटक बाहेर उघडायचं. म्हणजे आता ते उघडायचं नाही.

नत्थूजी आतून ओरडले, "मारोतराव! म्हैस उठवा!"

मारोतराव आले. त्यांनी म्हशीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उठवता नाही येत, नत्थूजी. गाभण आहे."

"अन् मी कसा बाहेर येऊ?"

"तुम्ही गाभण नाही ना. तुम्ही भिंतीवरून या."

नत्थूजी भिंतीवरून आले. साठी ओलांडलेला माणूस, धोतर भिंतीवर रोवलेल्या काचेत अडकलं, आणि यमुताईंनी ते सोडवायला झाडूचा दांडा पुढे केला. गल्लीभर हसू झालं. त्यानंतर म्हैस रोज दुपारी यायला लागली आणि नत्थूजी त्याआधीच भाजी आणून ठेवायला लागले.

शेवटी वैभव आला. इस्त्रीची पँट घालून आला आणि फाटकापुढे घसरला. खळीचा थर ओला झाला होता, साबणासारखा. वैभव म्हशीशेजारी जाऊन बसला. म्हशीनं त्याला जागा करून दिली.

"बाबा, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"मी काही नाही केलं. जमीन पाणी नाही पिऊन राहिली."

"उद्या तुम्ही पडले, खुबा मोडला, तं कोण पाहीन? रविवारी जेसीबी आणतो. इथं शोषखड्डा करू. खाली दगड, मग गिट्टी, मग रेती. वरून ब्लॉक टाकून देऊ. काम खतम."

शोषखड्डा म्हणजे पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा, हे नत्थूजींना माहीत होतं. जागा तिचीच राहील, वर रांगोळी काढता येईल, असं त्यांनी मनाशी जुळवलं आणि हो म्हणाले.

खड्डा किती खोल घ्यायचा हे पाहायला शनिवारी मयुरी आली. मयुरी नत्थूजींच्या बहिणीची मुलगी. शेतकी कॉलेजात मातीवरच शिकत होती आणि मातीबद्दल बोलायला लागली की जेवण थंड व्हायचं. तिनं पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या अर्ध्या कापून उलट्या केल्या. एकीत घराच्या बाजूचा मुरूम भरला. दुसरीत फाटकापुढचा, कुदळीनं ढेकूळच्या ढेकूळ काढून. मग दोन्हींत पाणी ओतलं. पहिल्या बाटलीतलं पाणी गटागट खाली गेलं. दुसरीतलं वरच उभं राहिलं.

"आमच्या इथं ते बारीक पत्ती आणतेत चहाची," यमुताई म्हणाल्या. त्या बोलावल्याशिवाय आल्या होत्या, पण चहा घेऊन आल्या होत्या. "त्यानं गाळणी अशीच बुजते."

"बरोबर तेच आहे, मावशी," मयुरी म्हणाली. तिनं ते ढेकूळ फोडलं. वर बोटभर कडक पापुद्रा होता. त्याखाली मुरूम होता, पण लाल नाही, पांढुरका. आणि आणखी खाली, चार बोटांवर, एक पांढरा पट्टा होता, खडूसारखा घट्ट.

"मामाजी, वरचं हे काय आहे? हे तं सिमेंट आहे."

"खळ."

"कायची खळ?"

"ज्वारीची. ताण्याले लावतो तशी. रांगोळी उडून जाऊन राहिली होती."

मयुरी आधी हसली नाही. मग तिला राहवेना. ती पायरीवर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "मामाजी, तुम्ही जमिनीले खळ लावली! आता तिचं लुगडं विणता का?"

"हसू नको. अन् खालचं ते पांढरं काय आहे?"

मयुरीनं हसणं आवरलं. "ते मामीचं आहे. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. मुरमात खडे असतात अन् खड्यांच्या मधे फटी. पाणी त्या फटीतून खाली उतरते. मामी रोज सडा टाकायची तं रोज थोडी पूड पाण्याबरोबर खाली जायची. लय बारीक कण असतात ते निघून जातात खोल. जाड असतात ते वर राहतात, झाडूनं जातात. मधले असतात ना, ते थोडे खाली जातात अन् एखाद्या अरुंद फटीत अडकतात. मग मागून आलेला कण त्याच्यावर बसतो. त्याच्यावर आणखी एक."

तेव्हा दुपार झाली होती आणि म्हैस आपल्या वेळेला हजर होती. नत्थूजींनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे ही."

"हो. ही. फाटक तेवढंच आहे, पण ही बसली. आता मागून चिमणी जाईन, पण बकरी आली तं अडकते. बकरीच्या मागं कुत्रं अडकते. असं करत करत थर होतो."

"माह्या म्हशीचं उदाहरण देऊ नका," मारोतराव भिंतीपलीकडून म्हणाले. "गाभण आहे."

नत्थूजींनी ढेकूळ हातात घेतलं. पांढऱ्या पट्ट्यात एक गुलाबी रेघ होती, धाग्याएवढी. तिच्याखाली एक हिरवी. दिवाळीत वच्छलाबाई रंग भरायच्या. एरवी साधी पांढरी. नत्थूजी ते ढेकूळ उन्हात धरून फिरवत राहिले. कोणती दिवाळी असेल ते काही सांगता येत नव्हतं.

यमुताई वाकून पाहू लागल्या. "हा हिरवा माहा आहे. नेला होता तिनं. म्हणे उद्या आणून देतो. आजपर्यंत आणून राहिली."

असं म्हणून त्या चहाचे कप उचलायला लागल्या आणि एक कप तीनदा उचलून तीनदा खाली ठेवला.

रविवारी सकाळी जेसीबी आला. आवाजानं गल्ली जागी झाली. वैभव पुढे स्कूटरवर, मागे तो पिवळा राक्षस. फाटकाशी येऊन पाहतात तर तळ्याच्या मधोमध नत्थूजी खुर्ची टाकून बसलेले. धोतर गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात. शेजारी म्हैस. त्या दिवशी ती सकाळीच आली होती. मारोतरावांनी तिला वाटेत हाकलून पाहिलं होतं, पण तिनं ऐकलं नव्हतं.

"बाबा, उठा."

"नाही उठत."

"त्या दिवशी तं हो म्हणले होते!"

"तेव्हा मले माहीत नव्हतं खाली काय आहे."

"काय आहे खाली?"

"तुह्या मायची रांगोळी. चार बोटांवर. मयुरीले विचार. हे यंत्र एका घासात सगळी उचलीन अन् कुठं नेऊन टाकीन? नाल्यावर?"

वैभव चिडला होता. सुट्टीचा दिवस, ओळखीवर मागून आणलेला जेसीबी, आणि बाप म्हशीबरोबर पाण्यात. "बाबा, मी तुम्हाले शेवटचं सांगतो, उठा."

"पहिले तिले उठव," नत्थूजी म्हशीकडे बोट दाखवून म्हणाले. "ती माह्या आधी आली."

वैभव म्हशीला हात लावायला गेला, तर मारोतराव आडवे आले. जेसीबीवाला वरून म्हणाला, "भाऊ, काका उठवायचे की म्हैस उठवायची ते ठरवा. मले मनीषनगरले दुसरं काम आहे."

"दोघं बी नाही उठत," यमुताईंनी त्याला सांगून टाकलं. "तू जा बापा."

जेसीबी उलटा उलटा गल्लीतून निघून गेला. वैभवनं पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरून खुर्चीशेजारी उभा राहिला.

"बाबा, पावसाळा आहे पुढं. पाणी घरात शिरीन."

"माहीत आहे."

"मग?"

"मले समजते रे. समजत नाही असं नाही."

वैभव खाली पाहत म्हणाला, "शाळेतून आलो का रोज ओरडायची. बाजूनं. मी मुद्दाम मधून यायचो."

"म्हणूनच ओरडायची," नत्थूजी म्हणाले.

मयुरी खुरपं घेऊन आली. तिनं दोघांना बाजूला केलं. म्हैस बाजूला झाली नाही, म्हणून तिच्याभोवतीनं काम सुरू झालं. मयुरीचं म्हणणं सरळ होतं. वरचा खळीचा पापुद्रा तर मामाजींचा आहे, त्याचं कोणाला दुःख असायचं कारण नाही. तो आधी काढू. पाणी कितपत उतरतं ते पाहू.

"माह्या मेहनतीचा आहे तो," नत्थूजी म्हणाले.

"मामाजी, तो बकऱ्यांनी चाटलेला आहे."

पापुद्रा ओला झाल्यामुळे सालीसारखा निघायला लागला. हातभर लांबीचे तुकडे, प्रत्येकावर करवतकाठ जसाच्या तसा. यमुताईंनी एक तुकडा उचलून खांद्यावर धरला आणि गल्लीला दाखवला. वैभवनं त्याचा फोटो काढला. नत्थूजींनी ते सगळं बाजूला ढीग घालून ठेवलं, आणि कोणाचं लक्ष नसताना दोन्ही बकऱ्या येऊन अर्धा ढीग खाऊन गेल्या. त्यांना काही झालं नाही.

मशीनची नळी वैभवनं पुन्हा आत ओढून घेतली आणि खाली बादली ठेवली. कूलरचं पाणी मागच्या लिंबाच्या झाडाकडे वळवलं. संध्याकाळपर्यंत तळं घोट्याच्या खाली आलं. मग नुसता चिखल राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हैस आली, चिखलाचा वास घेतला, नत्थूजींकडे असं पाहिलं जसं काही त्यांनी तिला जेवायला बोलावून दार लावून घेतलं, आणि निघून गेली. बेडूक कुठं गेला ते कळलं नाही.

पण मयुरीनं एक बादली ओतून पाहिलं तेव्हा पाणी हळूहळूच उतरत होतं. बोटभर जायला चहा होऊन जावा इतका वेळ. तिनं मान हलवली.

"मामाजी, वरचं झाकण निघालं. पण खालचा थर आहे तोवर पावसाचं पाणी नाही झेपणार. तो काढावाच लागीन. घासून निघणारा नाही तो. मुरमाच्या आत जाऊन बसला आहे. मुरमासकट काढावा लागीन अन् नवा मुरूम टाकावा लागीन."

"हो."

"मी अन् वैभवदादा मिळून करून देतो. जेसीबी नाही. कुदळीनं."

"तुम्ही नका करू," नत्थूजी म्हणाले. "मी करीन. बाजूनं सुरू करीन. थोडं थोडं."

बुधवारी वैभवनं नवा मुरूम आणून भिंतीजवळ टाकून दिला, लाल, खडबडीत. सोबत कुदळही. यमुताईंनी विचारलं की काढलेली पांढरी माती टाकणार कुठं, तर नत्थूजी म्हणाले की ते अजून ठरलं नाही. लिंबाला घालावी तर लिंबाचंही पाणी बुजेल, असं मयुरी म्हणते. कन्हान नदीत सोडावी तर पोत्यात भरून न्यावी लागेल, आणि बसमध्ये कंडक्टर विचारेल काय आहे.

सध्या नत्थूजी सकाळी उठतात, हातानं थोडा सडा टाकतात आणि जमीन ओली असतानाच काठ काढतात, साधा, खळीशिवाय. चुकून पाय पडू नये म्हणून दूधवाला अजून बाजूनंच येतो. आभाळ दोन-तीनदा भरून आलं आणि गेलं. वैभवचा रोज फोन येतो आणि तो एकच गोष्ट विचारतो.

मुरूम आला आहे, कुदळ आहे. खणायचं राहिलं आहे.